विमान थांबलं, मंग मेंढपाळाचं काय?

जिवंत मेंढ्यांची समुद्रमार्गे निर्यात ऑस्ट्रेलिया १ मे २०२८ पासून बंद करणार आहे. आपल्या विदर्भात हाच वाद २०१८ मध्ये नागपूरच्या विमानतळावर येऊन अडला होता. तिकडे कायदा झाला, इकडे फक्त एक कार्यक्रम रद्द झाला. या दोन गोष्टींत फरक काय, ते समजून घेऊ.

तारीख होती ३० जून २०१८. अकोल्यापासून अडीचशे किलोमीटरवर, नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावरून त्या दिवशी एक मालवाहू विमान शारजाला जाणार होतं. माल म्हणजे दीड-दोन हजार जिवंत शेळ्या-मेंढ्या. पुढे अशा आणखी खेपा पाठवायचं नियोजन होतं. हिरवा झेंडा दाखवायला तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्री नितीन गडकरी येणार, हेही ठरलं होतं. पुढाकार होता राज्यसभेचे तेव्हाचे खासदार डॉ. विकास महात्मे यांचा. ते नागपूरचे प्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ, पद्मश्री आणि धनगर समाजाचे नेते.

पण विमान उडालंच नाही. जैन समाज आणि प्राणिमित्र संघटना विरोधात उभ्या राहिल्या आणि ऐनवेळी सगळं स्थगित झालं.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. मुक्या जिवांना परदेशात कापायला पाठवायचं आणि त्याचा सोहळा करायचा, हे मनाला पटत नाही. समर्थकांचं म्हणणंही तितकंच साधं होतं. मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या हाच धंदा करतोय, आखातात त्याच्या मालाला चांगला भाव आहे, तर तो त्याला काहून मिळू नये?

दोन्ही बाजूंनी भावना खऱ्या होत्या. गडबड वेगळीच होती. या वादात तीन प्रश्न आहेत आणि नागपुरात ते तिन्ही एकाच पोत्यात भरले गेले. पहिला, प्राणी मांसासाठी कापावा का? दुसरा, कापायचाच असेल तर त्याआधीच्या प्रवासात त्याचे हाल किती होऊ द्यायचे? आणि तिसरा, या सगळ्यात पाळणाऱ्याच्या हातात काय पडतं? ऑस्ट्रेलियात भांडण झालं ते मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर. आपल्याकडे पहिल्याच प्रश्नावर गाडी अडली आणि पुढचे दोन कोणी विचारलेच नाहीत.

समुद्रावर नेमकं काय होतं?

ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून आखातात जहाज पोचायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. एका जहाजावर मजल्यावर मजले आणि त्यात हजारो मेंढ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये 'अवासी एक्स्प्रेस' नावाचं जहाज ६० हजारांहून जास्त मेंढ्या घेऊन निघालं. आखाताजवळच्या उष्म्यात त्यातल्या सुमारे २,४०० मेंढ्या मेल्या. जहाजावरच्याच एका शिकाऊ अधिकाऱ्यानं त्याचं चित्रीकरण केलं होतं. एप्रिल २०१८ मध्ये ते ऑस्ट्रेलियाच्या टीव्हीवर दिसलं आणि देश हादरला. म्हणजे नागपूरचा वाद पेटण्याच्या दोनच महिने आधी.

मेंढी उष्म्यानं मरते कशी, हे अकोलेकराला समजावून सांगायची फारशी गरज नाही. मे २०२४ मध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हापायी कलम १४४ लावलं होतं. आता आपला घरचा कूलर आठवा. मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो मस्त गारवा देतो. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर नकोसा होतो, कारण पाण्याची वाफच नीट होत नाही. मेंढी धापा टाकते म्हणजे तिच्या अंगातला कूलर चालू असतो. जहाजावर हवा उष्ण आणि दमट असली की हा कूलर बंद पडतो. वरून अंगावर लोकर, खाली लेंड्या-मुताचा थर, त्यातून निघणारा अमोनिया आणि रात्रीही न उतरणारं तापमान. पळून जायला जागा नाही.

मृत्यू फक्त उष्म्यानंच होतात असंही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये रोमानियाच्या मिडिया बंदराबाहेर 'क्वीन हिंद' हे जहाज कलंडलं. त्यावर १४ हजारांहून जास्त मेंढ्या होत्या, बहुतेक सगळ्या बुडाल्या. सप्टेंबर २०२० मध्ये न्यूझीलंडहून चीनकडे निघालेलं 'गल्फ लाइव्हस्टॉक १' जपानजवळ वादळात सापडून बुडालं. जवळपास सहा हजार गाई तर गेल्याच, पण ४३ खलाशांपैकी ४१ जणही गेले. या धंद्यात माणसंही मरतात, हे आपण विसरतो.

तारीख, कायदा आणि पैसा

मग देशांनी काय केलं? न्यूझीलंडनं एप्रिल २०२३ पासून जनावरांची समुद्रमार्गे निर्यात थांबवली. तिथल्या पुढच्या सरकारनं मात्र ती पुन्हा सुरू करायचं आश्वासन दिलं. ब्रिटननं मे २०२४ मध्ये कत्तलीसाठी जिवंत जनावरं बाहेर पाठवायला बंदी घालणारा कायदा केला.

सगळ्यात मोठा निर्णय ऑस्ट्रेलियाचा. १ जुलै २०२४ रोजी तिथल्या सिनेटनं विधेयक मंजूर केलं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट आहेत. एक, बंदीची तारीख, १ मे २०२८, म्हणजे जवळपास चार वर्षांची मुदत. दोन, बंदी फक्त मेंढ्यांवर आणि फक्त समुद्रमार्गावर. गाई-बैल आणि विमानानं जाणाऱ्या मेंढ्या त्यात येत नाहीत. तीन, पैसा. शेतकरी, ट्रकवाले, लोकर कातरणारे यांना दुसऱ्या वाटेवर नेण्यासाठी आधी १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर ठेवले, मग ती रक्कम १३ कोटी ९७ लाखांवर नेली.

तरी तिथले मेंढपाळ खूश आहेत का? अजिबात नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शेतकऱ्यांनी 'कीप द शीप' नावाची मोहीम चालवली, पर्थच्या रस्त्यांवर ट्रकांच्या रांगा लावल्या. त्यांचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे. अवासीच्या प्रकरणानंतर नियम कडक झाले, जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आखाताकडे मेंढ्या पाठवणं बंद झालं आणि जहाजावरचे मृत्यू खूप कमी झाले. मग आता बंदी कशाला? शिवाय आम्ही थांबलो तर आखात मेंढ्या घ्यायचं थांबणार आहे का? ते दुसऱ्या देशातून घेतील, जिथे नियम आमच्याहून ढिले असतील.

याला सरकारी बाजूचं उत्तर असं, की हा धंदा आधीच आटत चालला होता. २००० च्या सुमारास वर्षाला ६० लाखांच्या आसपास जिवंत मेंढ्या ऑस्ट्रेलियातून बाहेर जायच्या, २०२२-२३ मध्ये हा आकडा साडेसहा लाखांच्या घरात आला. आखातातल्या सुपरमार्केटांना आता थंड केलेलं मटण चालतं आणि ते ऑस्ट्रेलिया भरपूर पाठवतो. मेंढी देशातच कापली तर कत्तलखान्यातला रोजगारही देशातच राहतो.

कोण बरोबर, यावर तिकडे अजून भांडण चालू आहे. पण एक गोष्ट पाहा. भांडणारे दोघंही आकडे, तारखा आणि भरपाई यावर बोलतायत. बंदी कोणाला परवडेल आणि ज्याला नाही परवडणार त्याला काय द्यायचं, हा प्रश्न टेबलावर आहे.

आपल्याकडे काय झालं?

नागपूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या जहाजबांधणी मंत्रालयानं बंदरांतून जिवंत जनावरांची निर्यात पुढच्या सूचनेपर्यंत थांबवल्याचं जाहीर झालं. डिसेंबर २०१८ मध्ये गुजरात सरकारनं कच्छच्या तुणा बंदरातून होणारी निर्यात रोखली. आखाताकडे जाणाऱ्या मेंढ्यांचं ते मोठं बंदर. निर्यातदार हायकोर्टात गेले. म्हणजे धोरण काय, तर आंदोलन झालं की थांबवा, कोर्ट बोललं की बघू.

मग २०२३ उजाडलं. जनावरांच्या आयातीवर आपल्याकडे अजूनही १८९८ चा इंग्रजांच्या काळातला कायदा आहे. त्याच्या जागी आयात आणि निर्यात दोन्हींना लागू होईल असा नवा कायदा आणायचा म्हणून पशुसंवर्धन विभागानं ७ जूनला विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात 'पशुधन' या शब्दाच्या व्याख्येत कुत्री-मांजरीही आल्या होत्या. सोशल मीडियावर गदारोळ उठला आणि २० जूनला मसुदा मागे घेतला गेला. उणेपुरे दोन आठवडे! मसुद्यात खोट होती हे खरंच. पण तो गेला तेव्हा जिवंत जनावरांच्या निर्यातीला नीट नियम असावेत का, ही चर्चाही त्याच्याबरोबर गेली.

आता नागपूरच्या विमानाकडे परत येऊ. नागपूर ते शारजा हा विमानप्रवास साडेतीन-चार तासांचा. ऑस्ट्रेलियाचा नवा कायदा उद्या भारतात जसाच्या तसा लागू केला, तरी हे विमान त्यानं थांबलं नसतं. कारण तो कायदा समुद्रावरच्या आठवड्यांच्या हालांसाठी आहे. नागपूरचा विरोध प्रवासाला नव्हताच, तो कत्तलीला होता. तसा विरोध करायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही. शारजाला न गेलेल्या त्या मेंढ्या वाचल्या का?

त्यांचं नेमकं काय झालं याची नोंद नसते. पण मांसासाठी पाळलेलं जनावर एका बाजारात विकलं गेलं नाही की दुसऱ्या बाजारात जातं, हा साधा व्यवहार आहे. आणि तो दुसरा बाजार गाठायला बहुतेक वेळा ट्रक असतो. दरवर्षी बकरी ईदच्या आधी मुंबईच्या देवनारला लाखाहून जास्त बकरे येतात. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेशातून, हजारेक किलोमीटर, हायवेनं, भर उन्हात किंवा पावसात. त्या ट्रकला कोणी हिरवा झेंडा दाखवत नाही, म्हणून कोणी अडवायलाही येत नाही.

या प्रवासाला नियम आहेत बरं का. १९७८ चे जनावरांच्या वाहतुकीचे नियम सांगतात की निघण्याआधी पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र हवं, गाडीत प्रत्येक जनावराला ठरलेली जागा हवी, शेळ्या आणि मेंढ्या वेगळ्या हव्यात, प्रवासभर पुरेल इतका चारा आणि वेळोवेळी पाणी हवं. कागदावर सगळं चोख. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. कॉलेजच्या कँटीनमध्ये दोन प्लेट पोहे खाल्ले तर त्याहून जास्त बिल होईल.

प्राण्यांबद्दल कळकळ असेल तर ती या ५० रुपयांपाशी थांबून चालणार नाही.

आणि मेंढपाळ?

आता तिसरा प्रश्न, जो सगळ्यात कमी विचारला जातो. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ७ कोटी ४३ लाख मेंढ्या आहेत, म्हणजे २०१२ पेक्षा १४ टक्के जास्त. महाराष्ट्रात त्यातल्या सुमारे २७ लाख. आपल्याकडची मूळची मेंढी म्हणजे दख्खनी, काटक, काळपट, जाड लोकरीची. एकेकाळी या लोकरीच्या घोंगड्या घराघरात असायच्या. आता घोंगडीची जागा सोलापुरी चादरीनं आणि नंतर मिंक ब्लँकेटनं घेतली. लोकरीला भाव उरला नाही, त्यामुळे मेंढपाळाची कमाई मुख्यतः मटणावर आली.

दुसरी कमाई खताची. वऱ्हाडात कापसाचा हंगाम संपला की मेंढ्यांचे कळप पऱ्हाटीच्या रानात उतरतात. शेतकरी रात्री आपल्या वावरात मेंढ्या बसवतो, बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. वावराला लेंडीखत मिळतं, मेंढ्यांना चारा. पण पेरण्या झाल्या की कळपाला उभं राहायला जागा नसते. गावोगावच्या ई-क्लास जमिनींवर अतिक्रमण झालंय, जंगलात गेलं तर वनखात्याशी वाद. पावसाळ्याचे चार महिने मेंढपाळ अक्षरशः जागा शोधत फिरतो.

विक्रीची रीत तर अजूनच जुनी. व्यापारी वाड्यावर येतो, नजरेनं वजनाचा अंदाज घेतो आणि उक्ता भाव सांगतो. काटा नाही, पावती नाही. पोरीची फी भरायची असेल किंवा घरात कोणी आजारी असेल, तर मिळेल त्या भावात द्यावं लागतं. आपण सातशे-आठशे रुपये किलोनं मटण घेतो, त्यातले मेंढपाळाला किती पोचतात, हे सांगणारा कागदच तयार होत नाही. म्हणून 'आखातात भाव जास्त आहे' हे वाक्य त्याला गोड वाटतं. फक्त त्यानंही एक विचारायला हवं. इथे व्यापारी नजरेनं भाव ठरवतो, तर निर्यातदार वजनावर भाव देईल याची हमी कोण घेणार? निर्यात चालू झाली तरी मधली साखळी तीच राहिली, तर वाढीव पैसा मधेच अडकेल.

सरकारी योजना नाहीत असं नाही. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर ७५ टक्के अनुदानावर मिळतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी मेंढी व शेळी विकास महामंडळाचं एक प्रक्षेत्र आपल्या अमरावतीजवळ पोहऱ्याला आहे. पण नीट पाहिलं तर योजनेचा सगळा जोर मेंढ्या वाढवण्यावर आहे. वाढलेल्या मेंढ्या विकायच्या कुठे, या प्रश्नाचं २०१८ मधलं उत्तर होतं विमान. ते थांबलं आणि त्याच्या जागी दुसरं काही आलं नाही.

मग मार्ग कोणता?

माझं मत विचाराल तर जिवंत मेंढ्या जहाजात भरून आठवडे-आठवडे समुद्रावर नेणं बंदच व्हायला हवं. अवासी आणि क्वीन हिंदनंतर त्याचं समर्थन करता येत नाही. मात्र बंदीचा कागद निघण्याआधी दुसरा कागद तयार असावा, मेंढपाळाच्या बाजारपेठेचा.

तो बाजार म्हणजे मटणाची निर्यात. भारतातून शेळी-मेंढीचं मांस आजही आखातात जातं. विदर्भातून ते थेट जायचं तर तीन गोष्टी लागतील. निर्यातीच्या दर्जाचा स्वच्छ कत्तलखाना, नागपूरपर्यंत शीतसाखळी आणि रोगमुक्त जनावर. लाळ्या-खुरकुतासारखा रोग असला की परदेशी ग्राहक दार लावतो. त्यासाठी सप्टेंबर २०१९ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम सुरू आहे. ही कामं कोण करणार? आपल्या अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था आहे, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. म्हणजे शिकलेली माणसं इथेच आहेत.

यावर हरकतही येईल आणि ती खरी आहे. ज्यांनी विमान अडवलं, ते कत्तलखाना होऊ देतील का? बहुधा नाही. गावकरीही वास आणि सांडपाण्याच्या भीतीनं विरोध करतील. अशा वेळी राज्यकर्त्यांनी उघडपणे बोलायला हवं. एकीकडे ७५ टक्के अनुदानानं मेंढ्या वाटायच्या आणि दुसरीकडे त्या मांसासाठीच आहेत हे कबूल करायला लाजायचं, यात नुकसान फक्त कळप राखणाऱ्याचं होतं. आणि ज्यांचा विरोध कत्तलीलाच आहे, त्यांनी मेंढपाळाला दुसरं पोट भरायचं साधन काय, याचं उत्तर द्यावं. लोकर? खत? मग त्याला भाव मिळवून द्यायच्या कामात ते उतरणार आहेत का?

वादविवाद स्पर्धेत विषय आला तर…

• समोरचा 'बंदी हवी' म्हणाला तर विचारा: कशावर? समुद्रमार्गावर, विमानावर, ट्रकवर की कत्तलीवर? चारही वेगळ्या गोष्टी आहेत.

• 'बंदी नको' म्हणाला तर विचारा: वाढीव भाव मेंढपाळाच्या खात्यात जमा होईल याची व्यवस्था काय?

• 'नियम आहेतच की' म्हणाला तर ५० रुपयांचा दंड आठवून द्या.

• 'ऑस्ट्रेलियानं केलं तसं करा' म्हणाला तर सांगा की त्यांनी बंदीबरोबर चार वर्षांची मुदत आणि भरपाईही दिली.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालक यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. त्यानिमित्त भाषणं होतील, घोंगडी-काठी देऊन सत्कार होतील. त्यापेक्षा तालुक्याच्या बाजारात जनावरं तोलायचा एक काटा बसवला आणि ई-क्लास जमिनीवरचं अतिक्रमण हटवलं, तर मेंढपाळाला जास्त आवडेल. आणि हायवेवरचा ट्रक थांबवून आतल्या जनावरांना पाणी मिळालंय का, हे कोणी तपासलं, तर मेंढीचंही भलं होईल.